या गोळीला पथ्य नसतं

बाय, आपलं भावाबहिणीचं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस. जिंकून गेलीस की हरून, तेही मला समजत नाही. तुझं दहावं झाल्यापासून मी बोइसरच्या घरात बसून एकदा तुझ्या बाजूने बोलतो, एकदा माझ्या. बायको आतून विचारते, "कोणाशी बोलताय?" मी म्हणतो, रेडिओ चालू आहे. रेडिओ बंद असतो, हे तिलाही दिसतं.

भांडण तरी काय होतं? तू म्हणायचीस, आजारी माणसाने पथ्य पाळलं पाहिजे. मी म्हणायचो, पथ्य असतं वैद्याच्या पुडीला. कारखान्यात तयार झालेल्या गोळीला पथ्य नसतं, कुठे जायचं आणि काय करायचं ते तिला नेमकं ठाऊक असतं. तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात मी सगळी नोकरी काढली, म्हणून हे मी मोठ्या अधिकाराने म्हणायचो. त्यावर तू म्हणायचीस, "तू कुठं गोली बनवतोस? तू तर भट्टी ढवलतोस." आणि पदर तोंडाला लावून हसायचीस. ते खरंच होतं. आमच्याकडून पांढरी पूड पिंपात भरून जायची. तिची गोळी कुठे बनते, ती कोण खातं, खाल्ल्यावर त्याचं काय होतं, यातलं मी काही पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं होतं तापमान आणि दाब. पण आपल्या गावी घिवलीला आलो की मी अर्धा डॉक्टर व्हायचो, आणि गावही मला होऊ द्यायचं.

तुझं पथ्यही काही शहाणपणाचं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. खोकला झाला की केळं बंद. ताप आला की अंघोळ बंद. जखम झाली की वांगं बंद, दही बंद, सुकी मासळी तर नावालाही नाही. का म्हणून विचारलं की तुझं एकच उत्तर, "आपल्यात नाय खात." माझ्या मुलाच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर मी मुद्दाम त्याला भरली वांगी खायला घातली आणि तुला फोन करून सांगितलं की टाके सुकले, बघ. तू एवढंच म्हणालीस, "बरं झालं. पन परत नको देऊस." आता यात हरलं कोण?

मला टायफॉइड झाला होता ते तुला आठवतं का? कसं आठवेल, तू आता कुठे आहेस. मीच आठवतो. आई गेल्यावर घर तुझ्याच अंगावर होतं आणि तू तरी केवढी होतीस! मला पेज आणि मुगाचं पाणी, बाकी काही नाही. मला वास लागू नये म्हणून तू घरात मासळी शिजवणंच बंद केलंस. बाबा चिडून शेजारी जेवायला जायचे. एका दुपारी मी उठून मागच्या दारी गेलो आणि वलांडीच्या बांबूवर वाळत घातलेला एक बोंबील ओढून तोंडात कोंबला. अर्धा ओला, अर्धा सुका. तू कुठून आलीस कोण जाणे. माझा जबडा धरलास, बोट घातलंस आणि तो बोंबील बाहेर काढलास. मी तुझ्या बोटाला चावलो. तू ओरडली नाहीस. हात धुतलास आणि मला उचलून आत नेलंस. ती खूण शेवटपर्यंत तुझ्या बोटावर होती, की माझीच तशी समजूत होती? तुला चितेवर ठेवण्याआधी मी बघणार होतो. बघितलं नाही.

आता ते लिहितो, ज्यासाठी बसलो आहे.

यंदा मासेमारीची बंदी सुरू व्हायच्या सुमारास तुझ्या पायात शिंगाळा माशाचा काटा गेला. तू हळद दाबलीस आणि कामाला लागलीस. पाय सुजला, तळव्याला पू धरला. बोइसरच्या डॉक्टरांनी दिलेल्या पहिल्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, दुसऱ्याही नाहीत. मग पू तपासायला पाठवला आणि त्यावर चालेल अशी एक जोरदार गोळी लिहून दिली. त्या दिवशी तुझी सून वंदना तुला घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये होती आणि मी बाहेर मेडिकलच्या काउंटरवर होतो. औषध कोणत्या कंपनीचं, माल कुठला, हे मी तिथल्या पोराला ऐटीत समजावून देत होतो. डॉक्टरांनी आत काय सांगितलं ते मी ऐकलं नाही.

वंदनाने ऐकलं होतं. रिक्षात बसल्या बसल्या तिने मला सांगितलं, "मामा, डॉक्टरांनी सुकं बिलकुल नको म्हटलंय. सुके बोंबील, खारवलेलं, आंबवलेलं, काहीच नाय. गोळ्या संपेपर्यंत."

तू लगेच म्हणालीस, "बघ! तुझा डॉक्टर पन पथ्य सांगतो."

मी हसलो. डॉक्टरला ठाऊक असतं की गावच्या माणसाला पथ्य सांगितल्याशिवाय औषधावर विश्वास बसत नाही, म्हणून तो काहीतरी सांगतो, असं मी म्हणालो. वर आणखी म्हणालो, "वंदना, तू शिकलेली आहेस. या गोळीला पथ्य नसतं." मामेसासऱ्याशी ती वाद कसा घालणार?

गोळ्यांनी पायाची सूज उतरायला लागली, पण तुझं जेवण गेलं. तोंडाला पत्र्याची चव येते म्हणायचीस. चहासुद्धा गंजलेला लागतो म्हणायचीस. वंदना पेज करायची, मऊ भात करायची, मुगाचं वरण करायची; तू दोन घास घेऊन ताट सारायचीस. सकाळची ब्लडप्रेशरची गोळीही कधी पोटात टिकायची, कधी उलटून पडायची. मी आलो त्या दिवशी तुझे गाल आत गेले होते. तुझा नरेश कामावर गेला होता. वंदना रेशनच्या दुकानात जायला निघाली होती. ती म्हणाली, "मामा, तुमी हायत तर बसा. त्यांना तासाभरानं पेज द्या. चुलीवर ठेवलीय."

ती गेली. मी पेज दिली. तू घेतली नाहीस.

गावात सध्या जे बोलतात ते मी ऐकलंय. म्हातारीची जीभ चळली, सुकं मागून मागून खाल्लं, आणि सुनेनं दिलं, असं म्हणतात. हे खोटं आहे. तू मागितलं नव्हतंस. मीच म्हणालो, "बाय, दोन बोंबील भाजून देऊ?" तू म्हणालीस, "नको. जखम हाय." मी म्हणालो, "जखम भरत आली." तू म्हणालीस, "डॉक्टर नको बोलला." मी म्हणालो, "डॉक्टरपेक्षा औषध मला जास्त कळतं." तेव्हा तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. ते बघणं मला अजून उलगडत नाही. माझ्यावर विश्वास ठेवत होतीस की माझी हौस पुरवत होतीस? मग म्हणालीस, "तू भाजणार? तुला येतं तरी काय?"

पत्र्याच्या डब्यात मागल्या हंगामातले बोंबील होते. पावसाच्या दमटपणाने जरा मऊ पडले होते, वास चढला होता. मला तो वास चांगलाच वाटला. जुना झाला की बोंबलाला चव येते असं आपण म्हणतोच की. मी ते निखाऱ्यावर भाजले, कांदा चिरला, मीठ-मिरची-तेल घालून कुस्करले. "करपवलेस," तू म्हणालीस. मग पेज ओढून घेतलीस आणि खाल्लंस. बाय, कितीतरी दिवसांनी तू जेवलीस. "हरू, जराशी चव लागली बघ," म्हणालीस. ताटातलं संपल्यावर डब्यातले आणखी भाजायला सांगितलेस. मला इतका आनंद झाला होता की मी ते चक्क गुणगुणत भाजले.

वंदना परत येईपर्यंत तुझं डोकं दुखायला लागलं होतं. मागच्या बाजूने, घाव घातल्यासारखं, म्हणालीस. छाती धडधडते म्हणालीस. वंदना दारातच थांबली. घरात वास भरला होता. तिने ताट पाहिलं, चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तुझं कपाळ चेपायला बसली. तू उलटी केलीस आणि मग तुझं बोलणं जड झालं. रिक्षा, मग गाडी, मग पालघर. प्रेशर फार वाढलं होतं, मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिथे सगळ्यांनी धावपळ केली, कोणी काही कमी केलं नाही.

नरेश कामावरून थेट तिथे आला. त्याने वंदनाला विचारलं, "काय खाल्लं होतं आईनं?"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं.

"सुकं," ती म्हणाली.

"डॉक्टर नको बोलला होता ना? तू दिलंस?"

"मी नाय दिलं."

"मग कोन देनार? भूत?"

बाय, ती माझं नाव घेऊ शकली असती. तिने घेतलं नाही. मला बोलता आलं असतं. सलाइनचा थेंब पडतो, मग थांबतो, मग पडतो, हे मी बघत होतो, जणू तो दाब सांभाळणं हे माझं काम होतं.

तू तिथेच गेलीस. तेव्हापासून नरेश तिच्याशी कामापुरतं बोलतो. तुझ्या दहाव्याला बायका कोपऱ्यात बसून वंदनाकडे बघत कुजबुजत होत्या. मी पुरुषांत बसलो होतो आणि सगळे माझीच विचारपूस करत होते. भाऊ एवढा औषधातला माणूस, आणि बहीण अशी गेली!

मी बोइसरच्या डॉक्टरांकडे गेलो. तुझ्यासाठी गेलो असं म्हणणार होतो, पण खरं सांगतो, माझ्यासाठी गेलो. बोंबलाचा काही संबंध नाही, असं त्यांनी एकदा म्हणावं एवढंच मला हवं होतं.

ते तरुण आहेत, धीराने बोलतात. माझं सगळं ऐकून म्हणाले, "काका, मासळी वाळून जुनी झाली की तिच्यात एक पदार्थ तयार होतो. तो रक्तात गेला तर प्रेशर वाढवतो. पण आपल्या आतड्यात आणि यकृतात एक एन्झाइम असतं, ते त्याला वाटेतच मोडून टाकतं. म्हणून तुम्ही-आम्ही सुकं खातो आणि काही होत नाही."

"आणि गोळी?"

"गोळी जंतूंना त्यांची प्रथिनं बनवू देत नाही. ते तिचं काम. पण ती आपल्या या एन्झाइमलाही थोडी अडवते. ते काम तिला कोणी सांगितलेलं नाही, पण ती करते. मग तो पदार्थ मोडला जात नाही, सरळ रक्तात जातो."

मी विचारलं, "गोळीला कळत नाही का, जंतू कोण आणि माणूस कोण?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "बरंचसं कळतं. सगळं नाही."

मी तिथेच बसून राहिलो. जाळं टाकलं की मागितलेलाच मासा येत नाही, हे आपल्या गावात लहान पोराला सांगावं लागत नाही. ते मला मात्र कधीच सुचलं नाही, गोळ्यांच्या बाबतीत. रिॲक्टरमध्येसुद्धा हव्या त्या मालाबरोबर नको तो माल निघतो, तो काढून टाकायलाच तर माझी अर्धी नोकरी गेली. म्हणजे मला हे ठाऊक होतं? ठाऊक असून नव्हतं? काय होतं ते?

शेवटी मी विचारलंच. "बोंबलांनीच झालं का?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "सांगता येत नाही. ही गोळी त्या एन्झाइमला फार जोरात अडवत नाही. पुष्कळ लोक थोडंबहुत खातात आणि काही होत नाही. त्यांचं प्रेशर जुनं होतं, त्याची गोळी उलटून पडत होती, वय होतं. नुसत्या त्यानेही होऊ शकतं. पण मासळी जुनी होती, दमट होती, दोनदा खाल्ली, आणि लगेच डोकं दुखलं. त्यामुळे झालं नाही, असंही मी म्हणणार नाही."

"म्हणजे काय समजू?"

"मलाच माहीत नाही, काका. तुम्हाला कसं सांगू?"

हा निकाल घेऊन मी घरी आलो. काय करायचं असतं, बाय, असल्या निकालाचं? सुटलोही नाही, अडकलोही नाही. एका बाजूने वाटतं, तुझं खरं होतं, सुकं खायचं नव्हतं. पण तू ते जखमेसाठी टाळत होतीस आणि जखमेला त्याने काही झालं नसतं. मग तुझं खरं होतं की चुकून बरोबर होतं? आणि मी त्या वांग्याच्या वेळी बरोबर होतो, ते फुकट गेलं का? कधी वाटतं, मी तुला मारलं. कधी वाटतं, मी तुला शेवटचं जेवायला घातलं. दोन्ही एकाच ताटात आहेत आणि मला ती वेगळी काढता येत नाहीत.

बरेच दिवस मी या गोंधळात बसून राहिलो, आणि खरं म्हणजे मला तो गोंधळ सोयीचा होता. डॉक्टरलाच माहीत नाही, मग मी कशाला बोलू? असं म्हणत मी रोज चहा पीत होतो. मग एका सकाळी, दाढी करताना, डोक्यात आलं: तू कशाने गेलीस ते मला माहीत नाही. बोंबील कोणी भाजले, ते मला माहीत आहे. वंदनाला लोक विचारताहेत ते हे दुसरं.

मी घिवलीला गेलो. नरेश घरी होता, जाळं शिवत होता. मी उभ्यानेच सांगितलं. पेज, डबा, निखारे, सगळं. त्याची सुई थांबली.

"तुमी?" तो म्हणाला. "आनि एवढे दिवस हिला बोलताना तुमी बसून ऐकत होता?"

"हो."

तो मला आणखी काही बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो उठला, वंदनाकडे बघू शकला नाही, आणि समुद्राच्या बाजूला चालत गेला.

वंदना भाकऱ्या थापत होती. मी म्हणालो, "पोरी, तू माझं नाव का सांगितलं नाहीस?"

"मना वाटलं तुमी सांगाल," ती म्हणाली. "त्या दिवशी वाटलं. मग दुसऱ्या दिवशी वाटलं. मग रागच आला, बोललेच नाय."

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग ती म्हणाली, "घरात सांगून काय उपयोग, मामा? ह्यांचं मी बघते. मना बोलतात ते नळावर. तिथं सांगा."

मी म्हणालो, "नळावर? बायकांत?"

"मग? तिथं मी रोज जाते."

दुपारी पाणी येतं तेव्हा मी तिच्यामागून गेलो. हंडे-कळश्यांची रांग होती. वंदना आल्यावर बोलणं बंद झालं, ते मला दिसलं. मग मला बघून एकजण म्हणाली, "मामा, पानी भरायला आलाव काय? मामीनं घराभायर काढलं का?" सगळ्या हसल्या. तुझी मैत्रीण जनाबाय सर्वांत पुढे होती, तिची कळशी नळाखाली होती.

मी म्हणालो, "माझ्या बहिणीला सुकं मी दिलं. वंदना घरात नव्हती. बाय नको म्हणाली होती. मी ऐकलं नाही."

एवढंच बोलता आलं. बोइसरपासून पाठ करून आलो होतो ते एन्झाइमचं, गोळीचं, सगळं विसरलो. नळाचं पाणी कळशीत पडत राहिलं.

जनाबायने माझ्याकडे नीट बघितलं. "काय रं हरू," ती म्हणाली, "तिला कोनी जबरदस्ती करील, अशी होती काय ती? खाल्लं म्हंजे तिच्या मनात होतं."

मी म्हणालो, "नाही, जनाबाय. माझ्यासाठी खाल्लं."

"तेच बोलते मी," ती म्हणाली.

तू असतीस तर तिला काय म्हटलं असतंस, मला माहीत नाही. मला ती माफी वाटली नाही, शिक्षाही वाटली नाही. जनाबायने आपली कळशी काढली, अर्धी भरलेली, आणि बाजूला ठेवली. मग मागे वळून म्हणाली, "वंदे, लाव तुझा हंडा. किती येल उभी ऱ्हाशील?"

वंदनाने हंडा लावला. रांगेतल्या बायका जरा मागे सरकल्या. एक लहान मुलगी मध्येच हसली, तिच्या आईने तिला चापट मारली. हंडा भरेपर्यंत मी उगाच उभा होतो. जायचं की थांबायचं, ते कळेना.

भरल्यावर वंदनाने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "मामा, उचलायला हात द्या."

मी हात दिला.